वैशूच्या इमानाचा कौल

भाकरी थापायला बसलं की हात कामात असतात, डोळे तव्यावर असतात, कान मात्र मोकळे. टोकावड्याच्या रस्त्याला मी जन्मभर भाकऱ्या थापल्या, त्यात कानावर जे पडलं त्यातलं थोडं सांगते. पुतण्याची बायको शाळंत शिकवते, ती उतरून घेतेय. मला सही येते. बाकीची अक्षरं लांबून ओळखीची वाटतात, जवळ गेलं की नाय.

आधी धंदा समजून घ्या. माळशेज घाटात जाणारा नि घाटातून येणारा माणूस आमच्या दारावरूनच जातो. घाटावरचे भाजीचे ट्रक कल्याणच्या बाजाराला उतरतात, एसट्या जातात, पावसाळ्यात धबधबे बघायला मुंबईचे गाडीवाले येतात. आमच्याकडं तांदळाची भाकरी, कुळथाची पिठी, सुकी मच्छी, कधी कोंबडी. तांदळाची भाकरी नुसत्या पाण्यात मळून होत नाय. उकळत्या पाण्यात पीठ टाकून उकड काढायची नि गरम असतानाच मळायची. हात भाजतात, त्याचं काय नाय, सवय होते. पण ती उकड हाताला चिकटली की धुतली तरी बोटांच्या बेचक्यात राहते. पोरं पतंगाला खळ म्हणून तीच लावतात. हे मी उगाच सांगत नाय, पुढं येणार हाय.

नवरा ट्रकवर होता. वैशू अंगावर पीत होती तेव्हा घाटात त्याचा ट्रक दरीत गेला. तेराव्याला माणसं जेवली त्या भाकऱ्या मीच थापल्या, दुसरं होतं कोण. जेवून उठताना एक जण बोलला, "वयनी, वाईट झालं. पण भाकरी लय मऊ झालीय." रडायचं सोडून मी त्याला विचारलं, "खरंच काय?" तिथून धंदा सुरू झाला. रस्त्याला लागून जागा होती, अर्धी नवऱ्याची नि अर्धी दिराची. तिथं चार बांबू रोवले, वर पेंढा टाकला नि तवा ठेवला.

दीर म्हंजे रामा भावजी. गावचे भगत. कोणाची गाय हरवली, कोणाचं लगीन जमत नाय, कोणाला बोअर कुठं मारू कळत नाय, सगळे भावजींकडं. भावजी देवीला कौल लावणार नि सांगणार. गाय सापडली तर देवीनं सांगितलं. नाय सापडली तर गायीनं ऐकलं नाय.

वैशू सहावी-सातवीत असंल, म्हंजे दोन हजार साल यायला अजून अवकाश होता. पावसात एक गिऱ्हाईक आलं. हाफ पँट, गळ्यात क्यामेरा, एकटाच. भाकऱ्या किती खाल्ल्या ते मोजलंच नाय, दुसऱ्यांदा उकड काढावी लागली एवढं आठवतंय. जेवून बाहेर गेला नि त्याची गाडी चिखलात रुतलेली. पुढं घेतो तर रुतते, मागं घेतो तर आणखी रुतते. शेवटी सहा माणसं नि भावजींचा बैल लावून ती बाहेर काढली. तो अंगभर चिखल घेऊन बाकावर बसला, तेव्हा वैशूनं विचारलं,

"काका, तुमी काय काम करता?"

"मी पायलट आहे. विमान चालवतो."

"तेच काय, जे आपल्यावरून जातं?"

"तेच. पाशिंजरचं."

वैशूनं आधी त्याच्याकडं बघितलं, मग गाडीकडं, मग बैलाकडं. तो निघायला लागला तेव्हा विचारलं, इमान शिकायला काय लागतं. तो बोलला, बारावीला फिजिक्स नि मॅथ्स घे, मग पुढचं बघू. पुढचं बघायला तो काय परत आला नाय.

संध्याकाळी जेवताना वैशू बोलली, "आये, ह्या माणसाला गाडी मागं घेता येत नाय नि हा इमान चालवतो. म्हंजे इमान सोप्पं असणार."

भावजी घास थांबवून बोलले, "इमानाला मागं घ्यावंच लागत नसंल."

आमच्या घरात वैशूच्या इमानाचा विचार असा सुरू झाला.

पोर हट्टी. मुरबाडला कॉलेजात सायन्स घेतलं, रोज एसटीनं गेली-आली, बारावी पास झाली. आता प्रश्न आला की पुढं कुठल्या वाटंनं जायचं. इमानाची शाळा कुठं असते ते टोकावड्यात कोणाला ठाऊक. मग मी माझी रीत वापरली. बाकावर जो बसंल त्याला विचारायचं. "भाकरी वाढू का" विचारायच्या आधी, "इमान चालवायला कुठं शिकवतात ओ?"

पहिला सल्ला बबन ड्रायव्हरचा. हा भाजीचा ट्रक घेऊन रोज उतरायचा, माझ्या नवऱ्याच्या बरोबरीचा. त्यानं विचार केला नि बोलला, "वैनी, कुठल्याबी लायनीत आधी क्लीनर व्हावं लागतंय. मी चार वर्सं चाकं पुसली. उस्ताद झोपला की हळूच स्टेरिंग धरायचं. तसंच शिकत्यात."

मला पटलं. तुमालाही पटलं असतं. नवरा तसाच शिकला होता.

एसटीचा कंडक्टर जेवत होता, तो बोलला, "इमानाला कंडक्टर बाया असतात, चांगल्या साडीतल्या. पोरीला त्यात घाला, बसायला तर नाय पण उभं राहायला ऐसपैस जागा."

वैशू पाणी वाढत होती. ती बोलली, "काका, तुमाला तिकिटं फाडायला आवडतात का गाडी चालवायला?"

कंडक्टरनं भाकरीचा तुकडा मोडला. मग हळूच बोलला, "चालवायला. पण तपासणीत डोळे बाद केले माझे." तेवढ्यावर त्यानं जेवण आटपलं.

मग कोणीतरी सांगितलं की लांबच्या एका शहरात फ्लाइंग क्लब हाय, तिथं छोट्या इमानावर शिकवतात. बबनच्या ट्रकनं कल्याण नि तिथून एसटी अशा आमी दोघी गेलो. मी नवं लुगडं नेसले, डब्यात भाकऱ्या घेतल्या. मोठं मैदान, एक पत्र्याची शेड, शेडीत एक साहेब. मी पुढं झाले नि हात जोडले.

"साहेब, क्लीनरची जागा हाय का? पोर कामसू हाय. चाकं पुसंल, रातची इमानातच झोपंल."

वैशूनं माझं लुगडं मागून ओढलं. साहेब बोलला, "मावशी, विमानाला क्लीनर नसतो."

"मग पुसतं कोण?"

साहेबानं शेडीतल्या इमानाकडं बघितलं. "पुसत नाही कोणी," तो बोलला. इमानाकडं बघून ते खरं वाटलं.

साहेब माणूस चांगला होता. त्यानं सगळं नीट सांगितलं. आधी डॉक्टर डोळे, कान, रक्त, छाती सगळं तपासतो, बाजारात बैल तपासतात त्याच्या वरताण. मग परीक्षा. ढगाची, वाऱ्याची, नकाशाची, कायद्याची. मग शिकवणारा बाजूला बसतो नि आपण उडवायचं, मग एकटीनं. असे दोनशे तास झाले की लायसन. दोनशे तास म्हंजे मला वाटलं, दिवस-रात्र बसली तर गणपतीला घरी येईल. साहेब हसला. "मावशी, आठवड्याला दोन तास मिळाले तरी नशीब."

ते का, ते बाहेर आल्यावर दिसलं. बाकावर वीसेक पोरं बसलेली, सगळी लायनीत. इमानं दोन. एक वर गेलेलं, दुसरं उघडून ठेवलेलं, त्याच्याखाली माणूस झोपलेला, त्याचे पाय तेवढे बाहेर. मला धंद्यातलं लगेच कळलं. गिऱ्हाईकं वीस नि तवा एक. डब्यातल्या भाकऱ्या मी त्या पोरांना वाटल्या. एक पोरगा बोलला की मागल्या वर्सापासून बसलोय. इमानाखालच्या पायांनीही एक भाकरी मागितली.

दुसरी वाट सुभेदारांची. गावात पेन्शनीत आलेले, मिशा अजून नोकरीत. ते बोलले, "पोरी, कॉलेज पुरं कर, परीक्षा दे, हवाई दलात जा. मुलींना घेतात आता. फुकट शिकवतात, वर पगार देतात. तिथली वर्सं भरली की मग कंपनीचं विमान चालव."

मला ही वाट लय आवडली. वैशू बोलली, "सुभेदार बाबा, मला पाशिंजर न्यायचेत."

"देश मोठा की पाशिंजर?"

"देशच पाशिंजर हाय ना बाबा. रोज इथं रस्त्याला एसटीला हात करत उभा असतो."

सुभेदारांनी आठ दिवस आमच्याकडं चहा घेतला नाय.

तिसरी वाट एका शेठनं आणली. त्याला आमची रस्त्याकडची जागा पाहिजे होती, रिसॉर्ट बांधायला. तो बोलला, "जागा मला द्या, पोरीला अमेरिकेला पाठवा. तिथं इमानं झाडाला लागतात. वर्सभरात शिकून येईल." ठाण्याला त्याच्या ओळखीचं हापीस होतं, पोरं बाहेरदेशी पाठवणारं. तिथं गेलो. आत इतकं थंड की मला वाटलं मच्छी ठेवायची जागा. तिथला माणूस मला म्याडम बोलला. आयुष्यात पहिल्यांदा. मी मागं वळून बघितलं की कोण आलं. त्यानं फोटो दाखवले, निळं आभाळ, इमानांची रांगच रांग, बाकावर एक पोर नाय.

मी विचारलं, "तिथं जेवायला काय?"

"सगळं मिळतं म्याडम."

"तांदळाची भाकरी?"

"मिळते ना."

तिथं मला शंका आली. अहो, कल्याणला मिळत नाय. पण फोटो काय खोटे नवते.

आता बघा कसं अडकलं. जागा विकली तर वैशू वर्सभरात इमान शिकंल नि मी दुसऱ्याच्या ढाब्यावर भाकऱ्या थापीन. जागा ठेवली तर माझा तवा राहील नि वैशू बाकावर बसंल, कुठवर ते कोण सांगणार. मी मनात ठरवलं होतं, विकायची. तवा काय, तवा कुठंही तापतो. पण अर्धी जागा भावजींची. भावजी बोलले, "वयनी, देवीला विचारल्याबिगर मी सही करणार नाय."

आमच्याकडं कौल असा लावतात. गावदेवीच्या दगडाला जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यानं चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाय. ज्याचा प्रश्न त्यानं आपल्या हातानं चिकटवायच्या. पण आमच्या वाटा तीन. भावजींनी रात्रभर विचार करून तीन पाकळ्यांचा कौल काढला. उजवी अमेरिका, डावी हवाई दल, मधली फ्लाइंग क्लब. हवाई दल वैशूला नको होतं, पण भावजी बोलले, देवीसमोर सुभेदारांचा मान ठेवला पाहिजे.

देवी एसटीच्या थांब्याजवळच हाय. दुपारची वेळ, गिऱ्हाईक भरलेलं, भावजींनी हाक मारली तशी मी उकडीतून हात काढला, पदराला पुसला नि धावत गेले. पाकळ्या पाण्यात भिजवल्या, दगडाला लावल्या, मागं सरले. शेठ कागद घेऊन उभा. सुभेदार काठी घेऊन उभे. देवीला बोललेली तांबडी कोंबडी पायाला सुतळी बांधून बाजूला. आमी वाट बघायला लागलो.

पाकळी सुकली की पडते, थोडा वेळ लागतोच. ह्या पडंनात.

तेवढ्यात मुरबाडची एसटी आली. कंडक्टर तोच. खिडकीतून विचारतो, "काय चाललंय?"

"कौल लावलाय," भावजी बोलले.

"कशाचा?"

"इमानाचा."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अर्धी गाडी खाली उतरली, उरलेली अर्धी खिडकीतून बघायला लागली. मग काय विचारता. एक म्हातारा बोलला, "मधली हालली." त्याची बायको बोलली, "वारा हाय." म्हातारा बोलला, "वारा देवीचाच ना." एका बाईनं आपल्या लेकीचं लगीन पण ह्याच पाकळ्यांत विचारून घ्या म्हणून भावजींच्या मागं टुमणं लावलं. मागून घाटातला ट्रक आला तो बबनचा. तो गर्दीत शिरून मोठ्यानं बोलला, "क्लीनरची पाकळी लावलीच नाय का?"

ऊन उतरलं, पाकळ्या वाळून पापडासारख्या झाल्या, पण दगडाला घट्ट. भावजींना घाम सुटला. त्यांच्या जन्मात असं झालं नवतं. ते बोलले, "देवी रागावलीय. इथल्या कोणाचा तरी नवस राहिलाय."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. कंडक्टरनं टोपी काढली. "माझा एक राहिलाय," तो बोलला, "पण तो दुसऱ्या देवीचा."

ह्या गडबडीत कोंबडीची सुतळी सुटली. ती टुणकन दगडावर चढली, पाकळ्यांकडं मान वाकडी करून बघितलं नि टोचायला लागली. टक, टक, टक. पाकळ्या पण पडल्या नि पाकळ्यांच्या खालचं काहीतरी ती आवडीनं खायला लागली.

"पहिली उजवी," शेठ ओरडला.

"डावी. मी डोळ्यांनी बघितली," सुभेदार बोलले.

एसटीत दोन पार्ट्या पडल्या. मधलीच्या बाजूला तो म्हातारा एकटा.

वैशू पुढं गेली. कोंबडीला उचलून बगलंत धरलं, दगड नखानं खरवडला, बोट नाकाला लावलं. मग माझ्याकडं वळली. "आये, ही आपली उकड हाय."

एसटीभर माणसांनी माझ्या हातांकडं बघितलं. मी हात पदरात घेतले.

भावजी भगत माणूस, ते असे हरणारे नाय. ते बोलले, "उकड असो नायतर काय असो. तिन्ही पडल्या. तिन्हीला देवीचा हो."

"मग झालं तर," शेठ कागद उघडत बोलला. "अमेरिकेला हो. सही करा."

वैशू भावजींकडं वळून बोलली, "थांबा. काका, तिन्हीला हो बोलली म्हंजे निवड तिनं माझ्यावर सोडली ना?"

भावजींनी बराच विचार केला. "तसंच म्हणायला लागंल," ते बोलले.

"मग मी क्लबात जाते."

मी बोलले, "अगो, बाकावर बसून वर्सं जातील तुझी."

"आये, मी ह्या थांब्यावर एसटीची वाट बघत मोठी झालेय. मला बसता येतं. जागा विकून अमेरिकेला गेले नि तिथं नापास झाले, तर परत येऊ कुठं? शेठच्या रिसॉर्टात?"

शेठनं कागद घडी केला. कंडक्टरनं घंटी मारली. "चला, बसा, कौल झाला." लगीन विचारणारी बाई मात्र नाराज होऊन गेली. कोंबडी देवीच्या नावानं सोडून दिली. ती मरंपर्यंत ढाब्यावर फिरली, गिऱ्हाइकाच्या ताटातलं खायची, कापायला कोणी धजावलं नाय.

पैशाचं कसं केलं ते सांगत नाय. ते सगळ्यांचं सारखंच असतं.

वैशू बाकावर बसली. पाच वर्सं बसली. इमान दुरुस्तीला गेलं की घरी यायची, भाकऱ्या थापायची, झालं की परत जायची. मधे एक साल तर शिकवणाराच नवता, कंपनीच्या नोकरीला पळाला होता. बघायला पाव्हणे यायचे. विचारायचे, मुलगी काय शिकते? मी सांगायचे, इमान. कितपत शिकली? निम्मं झालंय, बाकीचं इमान दुरुस्तीला हाय. पाव्हणे पोहे खाऊन जायचे ते जायचे.

शहापूरच्या बाजूला एक पोरगा होता, त्याच्या घरच्यांनी जागा विकून त्याला अमेरिकेला धाडलं. तो दीड वर्सात लायसन घेऊन आला नि नोकरीला लागला. त्याच्या गळ्यातल्या टायसकटचा फोटो पेपरात आला. आमची अजून ढगाच्या परीक्षेला बसत होती. त्या दिवशी मी थापलेल्या भाकऱ्या जाड झाल्या. बबन बोलला, वैनी, आज काय झालं? मी बोलले, पीठ बरोबर नाय. खरं सांगते, तेव्हा वाटायचं, नि कधी कधी अजून वाटतं, विकायला पाहिजे होती. पोरीची वर्सं माझ्या तव्याखाली जळली. ती तसं म्हणत नाय. पण ती कुठलंच काय म्हणत नाय, माझ्यावर गेलीय.

शेवटी लायसन झालं, मग कुठली कुठली आणखी परीक्षा, मग नोकरी. बाजूच्या खुर्चीतली, मोठे साहेब दुसऱ्या खुर्चीत. फोनवर बोलली, "आये, मंगळवारी दुपारी मुंबईला उतरायच्या आधी आपल्या बाजूनंच येणार."

भावजींनी गाव गोळा केला. इमानातून आपण कसे दिसणार म्हणून ओला पाला नि हिरवी लाकडं पेटवली. असा धूर झाला की गिऱ्हाईक ताट टाकून पळालं, एसटी हेडलाइट लावून गेली. सुभेदार काठीला धोतर बांधून उभे. इमान आलं तसं सगळ्यांनी हात हलवले, मी उलथनं हलवलं, भावजी रडले. बबननं ट्रकचा हॉर्न वाजवला तो इमान दिसायचं बंद झालं तरी वाजवतच होता.

संध्याकाळी फोन आला. "आये, आज माझी ड्यूटी बदलली. मी दिल्लीलाच हाय."

भावजी डोळे पुसत बोलले, "मग आपण हात कोणाला केला?"

"असंल कोणाची तरी पोर," मी बोलले. "तिला पण कोणी करायला पाहिजे."

परत तसा धूर आमी केला नाय. गिऱ्हाईक तुटतं.

पुढं चार-सहा महिन्यांनी वैशू सुट्टीवर आली. माझ्या बाजूला बसून भाकरी भाजत होती, तेव्हा हळूच सांगितलं. "आये, परवा ह्याच बाजूनं येत होतो. आभाळ मोकळं होतं. मोठ्या साहेबांनी खाली बोट दाखवलं नि विचारलं, तो धूर कसला, वणवा लागलाय काय? मी बोलले, नाय सर, तो माझ्या आयचा ढाबा हाय."

मी तिला विचारलं, कुठला वार होता. तिनं सांगितलं. त्या दिवशी आमी काय पेटवलं नवतं. रोजची चूल होती.